नैरोबीच्या गाडीची घंटी

उत्तम,

तू माझ्या घंटीशिवाय निघालास. एकोणीस वर्षं आपण एकाच एसटीवर होतो, तू ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, आणि या एकोणीस वर्षांत मी दोरी ओढून दोनदा घंटी दिल्याशिवाय तू कधी गिअर टाकला नाहीस. खिडकीतून माणसं ओरडायची, मागची गाडी हॉर्न वाजवायची, तू ढिम्म. त्या दिवशी मात्र तुझ्या घरासमोर तिरडी बांधून झाली, तुझा संजय मडकं घेऊन पुढे उभा राहिला, कोणीतरी म्हणालं, चला, आणि तू हललास. मी मागच्या उजव्या खांद्याला होतो. माझा मोकळा हात आपोआप वर गेला, दोरी शोधायला. लोकांना वाटलं माझा तोल गेला. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि माझ्या जागी दुसरा माणूस दिला. उरलेली वाट मी नुसता मागून चाललो.

काल तेरवी झाली. पंगतीत सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलत होते. माणूस गेला की त्याचा स्वभाव सुधारतो. तू म्हणे फार शांत होतास. अमडापूरच्या पुढे म्हशी आडव्या आल्या की तू त्यांच्या मालकाच्या सात पिढ्यांशी जे बोलायचास ते ऐकलेला माणूस त्या पंगतीत माझ्याशिवाय कोणी नव्हता. मला जे सांगायचं आहे ते पंगतीत सांगण्यासारखं नाही, आणि ज्याला सांगायचं तो तू. म्हणून हे लिहायला घेतलं.

माझ्या कपाटात सगळ्यात खाली, जुन्या खाकी युनिफॉर्मच्या घडीखाली, आज सकाळपर्यंत दोन पाकिटं होती. एकावर माझं नाव आहे, एकावर तुझं. दोन्हींत पासपोर्ट, फोटो, बँकेचे कागद आणि व्हिसाचा अर्ज. ती मुंबईला गेली असं मी तुला दसऱ्याच्या आधी सांगितलं. ती कुठेही गेली नाहीत, उत्तम. नांदुऱ्याच्या बाहेरसुद्धा गेली नाहीत.

हे आफ्रिकेचं खूळ तुझंच. आपण दोघंही रिटायर झालो होतो, स्टेशनजवळच्या टपरीवर संध्याकाळी बसायचो, आणि एक दिवस तू मोबाईल माझ्या नाकासमोर धरलास. टांझानियातला कुठलासा बसस्टँड. टपावर कांद्याची पोती, सीटखाली कोंबड्या, दारात लटकलेला कंडक्टर एका दमात आठ गावांची नावं घेतोय. "पाह्य बे, हे तं आपलं खामगावचं ष्टँड हाये," तू म्हणालास. मग त्या कंडक्टरनं गाडीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली आणि गाडी हलली. तो तुकडा तू सात-आठ वेळा मागे नेऊन पाहिलास. तोही दोनदाच मारतो, याचं तुला कोण नवल! इतक्या दूर त्याला हे कोणी शिकवलं असेल, असं तू मलाच विचारत होतास, जणू मी तिथे ड्युटी करून आलो होतो.

त्यानंतर आठच दिवसांत तुझं ठरलं. नैरोबीत विमानानं उतरायचं आणि तिथून थेट खाली, आफ्रिका संपेपर्यंत, मिळेल त्या साध्या गाडीनं जायचं. मी म्हटलं, गाडीतच बसायचं तर काश्मीरला जाऊ, पासपोर्ट तरी लागणार नाही. तू म्हणालास, "आयुष्यभर ष्टेरिंगमागं बसलो. मले एकदा खिडकीजवळ बसून जाचं हाये. इथल्या गाडीत बसलो का पाय ब्रेक शोधते. तिथला रस्ताच माहीत नाई, तं पाय गप राहीन." मी हो म्हटलं. खरं सांगू, मलाही जायचं होतं. फक्त माझ्या डोक्यात ते आधी आलं नसतं. तुझ्यामुळे माझ्या आयुष्यात जे जे झालं ते असंच झालं.

कागदाचं काम कंडक्टरचं, असं म्हणून तू हात झटकलेस. मी ई-सेवा केंद्रात जाऊन बसू लागलो. तेव्हा समजलं की या प्रवासाची गाडी उलटी लावावी लागते. पहिला देश विचारतो, पुढच्या देशात तुम्हाला घेणार आहेत का? तो त्याच्या पुढच्याचं विचारतो. म्हणजे सगळ्यात खालच्या, शेवटच्या देशाचा व्हिसा आधी, आणि तोच नेमका घरबसल्या न मिळणारा. वरच्या देशांचं काम मोबाईलवर होत होतं, याला मात्र पासपोर्टसकट सगळं पाकीट मुंबईच्या केंद्रात द्यायचं. पिवळ्या तापाची लस टोचून घ्यायला आपण नागपूरला गेलो. फोटोला कान दिसले पाहिजेत आणि कपाळ मोकळं पाहिजे, यावरून तू फोटोवाल्याशी भांडलास, कारण तुला टिळा पुसायचा नव्हता. शेवटी पुसलास, फोटो निघाला, आणि तू तिथेच ओल्या बोटानं अष्टगंधाचा नवा लावलास. तो फोटो पाकिटात आहे. बिनटिळ्याचा तू कोणीतरी दुसराच दिसतोस.

पहिला अर्ज परत आला तो आपल्या दोघांच्या अडाणीपणामुळे. रोज कुठून निघणार, कुठे पोहोचणार, कुठे राहणार याचा तक्ता मागितला होता. मी आयुष्यभर लिहिला तसा लिहिला. नैरोबी सुटणार सव्वासहा, मग चहापाण्याला वीस मिनिटं, सीमेवर अर्धा तास, अरुषा मुक्काम. निवासाचा रकाना आला तेव्हा तुला विचारलं. तू म्हणालास, लिही, गाडीतच. उंद्रीच्या पुढच्या त्या गावाला आपली मुक्कामी गाडी मारुतीच्या देवळापाशी उभी राहायची, तू पुढच्या सीटवर, मी मागच्या लांब सीटवर, आणि पहाटे कोणी ना कोणी चहा घेऊन यायचंच. मुक्कामी गाडीवरच्या माणसाला जगात कुठेही कोणी उपाशी निजू देत नाही, अशी तुझी खात्री होती. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. पंधरा रात्री, पंधरा वेळा मी तेच लिहिलं. प्रवासाचा हेतू या रकान्यात तू सांगितलंस, खिडकीजवळ बसणे. संजयनं, शिकलेल्या तुझ्या पोरानं, सांगून पाहिलं की बाबा, पर्यटन लिहा. तू म्हणालास, सरकारी कागदावर मी खोटं लिहीत नसतो.

दोन्ही अर्ज आषाढात परत आले. निवासाचा पुरावा नाही, हेतू स्पष्ट नाही. आठ दिवस तू फुगून बसलास. नवव्या दिवशी टपरीवर आलास आणि चहाचा घोट घेता घेता तुला असं हसू फुटलं की शर्टावर सांडला. "हेतू स्पष्ट नाई म्हने," तू म्हणालास, आणि पुन्हा हसलास. त्या हसण्यासाठी मी आज काय वाट्टेल ते देईन.

दुसऱ्यांदा सगळं रीतसर केलं. रोजच्या मुक्कामाच्या खोल्या ठरवून त्यांचे कागद जोडले, हेतूपुढे पर्यटन लिहिलं, आणि तू नाक मुरडून सही केलीस. साठीच्या वरच्यांना विमा काढायचा तर तब्येतीचा दाखला हवा होता. माझा झाला. तू संजयबरोबर खामगावला जाऊन तपासून आलास आणि संध्याकाळी म्हणालास, इंजिन फर्स्टक्लास हाये. दाखल्याचं विचारलं तर म्हणालास, येईन, तू कागद लाव. मी विश्वास ठेवला. तू माझ्याशी कधी खोटं बोलला नव्हतास. हे वाक्य लिहिताना हात थांबतो, कारण आपल्या दोघांत पहिलं खोटं तू बोललास आणि मोठं मी.

तुझा दाखला सोडून बाकी पाकिटं तयार झाली तेव्हा पितृपक्ष लागला होता. तुला दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठायची होती. मी अडून बसलो. पितरांच्या पंधरवड्यात नवं काम कोणी करत नाही, घटस्थापनेला देऊ, पंधरा दिवसांनी आफ्रिका काही पळून जात नाही. तू चिडलास. आफ्रिकेत कुठे पितृपक्ष असतो, असं विचारलंस. मी म्हटलं, अर्ज नांदुऱ्यातून निघतोय ना. तू म्हणालास, "माह्या बापानं मले जिंदगीत कुठं जाऊ देल्लं नाई. आता मेल्यावरबी आडवा येईन काय?" मी ऐकलं नाही. शेवटी तू उठलास, चपला घातल्यास आणि म्हणालास, "बरं. घंटी तुही. तू देशीन तवाच निघू."

म्हणून पुढचं जे सांगतो त्यात वहिनींचं नाव येईल, पण ते पहिले पंधरा दिवस माझे होते. ते मी कोणावर ढकलत नाही.

तुझ्या वडिलांच्या श्राद्धाच्या दिवशी वहिनी माझ्याकडे ताट घेऊन आल्या. वडे, खीर, कढी. ताट ओट्यावर ठेवलं आणि बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. खामगावच्या डॉक्टरांनी खरं काय सांगितलं ते मला तेव्हा समजलं. तुझ्या हृदयाच्या नळ्या भरत आल्या होत्या, उशीर न करता तपासणी आणि ऑपरेशन, लांबचा प्रवास बिलकूल नाही. "हे म्हनते, पहिले आफ्रिका, मंग दवाखाना," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, तुमी कागद धाडू नका. व्हिसा नाई आला तं हे गुमान दवाखान्यात जातीन. माही आन हाये तुमाले."

मी नाही कसं म्हणणार होतो? आणि नाही म्हणावंसं वाटलंही नाही. मला तू जिवंत पाहिजे होतास. नैरोबीच्या पुढे कुठल्या रानात तुझ्या छातीत कळ आली तर मी काय करणार, मला तर गाडी चालवतासुद्धा येत नाही. मी पाकिटं युनिफॉर्मखाली सरकवली. घट बसले आणि मी तुला सांगितलं की दिली. माणसाकरवी पाठवली म्हटलं. तू अर्जाचा नंबर मागितलास. मी जुन्या, आषाढात परत आलेल्या अर्जाचा नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. असला हिशेबी खोटेपणा माझ्यात होता हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

मग रोज संध्याकाळी टपरीवर तुझा एकच प्रश्न, आला काय? आणि माझं एकच उत्तर, अजून नाही. मी हळूच म्हणायचो, तोवर दवाखान्याचं पाहून घे. तू चमकून पाहायचास, कोणी सांगितलं विचारायचा नाहीस, आणि म्हणायचास, व्हिसा येऊ दे, तारीख समजली का मग ठरवू. म्हणजे तू दवाखाना व्हिसासाठी थांबवला होतास आणि मी व्हिसा दवाखान्यासाठी. अरुंद पुलावर दोन बाजूंनी दोन गाड्या येतात आणि दोन्ही ड्रायव्हर हात दाखवतात, आधी तुम्ही या. तसं आपण दीड-दोन महिने उभे होतो. मध्ये तुझ्या छातीतली एकेक नळी बंद होत होती.

हे सोडवायला एक वाक्य पुरलं असतं. उत्तम, पाकिटं माझ्या कपाटात आहेत, तू ऑपरेशन करून घे, ज्या दिवशी डॉक्टर हो म्हणतील त्या दिवशी मी ती स्वतः मुंबईला घेऊन जाईन. तू शिव्या दिल्या असत्यास, चार दिवस टपरीवर आला नसतास, आणि पाचव्या दिवशी दवाखान्यात भरती झाला असतास. मी तुला ओळखतो. एवढं वाक्य मला का बोलता आलं नाही, याचं उत्तर मी रोज शोधतो. वहिनींची आण होती हे खरं. पण त्याहून खरं हे की पकडलं जायची मला लाज वाटत होती.

दिवाळीनंतर आपण डोणगावला वहिनींच्या भाच्याच्या लग्नाला गेलो होतो ना? परत येताना तू खिडकीजवळ बसलास. बाहेर तुरी फुलावर होत्या. तुझा उजवा पाय सारखा खाली दाबला जात होता आणि मी त्यावरून तुला चिडवत होतो. मेहकर मागे पडलं आणि तू बाहेर पाहतच म्हणालास, "प्रल्हाद, तुले काई सांगाचं हाये काय?"

मी म्हटलं, "नाई. काऊन?"

"काई नाई. रस्ता चांगला झाला म्हनून इचारलं."

मी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता खरंच चांगला झाला होता, आणि मी त्याबद्दल बरंच काही बोललो.

त्यानंतर नऊ दिवसांनी, सकाळी फिरायला निघताना, एका पायात मोजा घातलेला असताना तू गेलास. मी धावत पोचलो तेव्हा दुसरा मोजा तुझ्या मुठीत होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. संजयनं आईला सांभाळतो म्हणून सांगितलं. तुझ्या भावानं काही सांगितलं. कावळे बाभळीवर बसून होते, खाली उतरत नव्हते. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुमी दोस्त हा, तुमी बोला, त्यायचं काई राह्यलं असन. तुझं काय राहिलं होतं ते त्या घोळक्यात मलाच ठाऊक होतं. मी पुढे झालो, हात जोडले, आणि तोंडातून शब्द निघेना. पन्नास माणसांत काय बोलू? शेवटी संजय मला धरून झाडामागे घेऊन गेला. कावळा नंतर शिवला म्हणे. मी तिथे नव्हतो, त्यामुळे कशानं शिवला ते मला सांगता येत नाही.

झाडामागे संजय म्हणाला, काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबांना सगळं माहीत होतं. तो नंबर तू दिवाळीच्या आधीच त्याच्याकडून मोबाईलवर तपासून घेतला होतास. नंबर निघाला आषाढात परत आलेल्या अर्जाचा, दुसरा अर्ज तिथे पोचलेलाच नव्हता. संजय माझ्याशी भांडायला निघाला होता. तू त्याला अडवलंस. तू जे म्हणालास ते त्यानं मला तुझ्याच बोलीत सांगितलं. "त्याले इचारू नको. कंडक्टर घंटी देत नाई म्हंजे कोनीतरी चढून राह्यलं असन. सांगन तो सोताहून. आपुन इचारलं तं त्याले पकडल्यासारखं होईन."

मी तिथेच मातीत बसलो.

तुला आठवतं ना? यात्रेच्या दिवसांत गाडी खच्चून भरलेली असायची, माझी तिकिटं फाडून व्हायची नाहीत, आणि नेमकी पुढे वळणावर तपासणी पथकाची जीप उभी असायची. ती तुला माझ्या आधी दिसायची. तू काही बोलायचा नाहीस. नुसती गाडी हळू करायचास. प्रवासी कुरकुरायचे, ड्रायव्हर झोपला का विचारायचे, तू ऐकून घ्यायचास. मी समजायचो आणि राहिलेली तिकिटं भराभर द्यायचो. जीपपाशी पोचेपर्यंत माझं काम पुरं झालेलं असायचं. एकोणीस वर्षांत मी एकदाही पकडला गेलो नाही. डेपोत सगळे माझं कौतुक करायचे, आणि तू शेजारी बसून बिडी ओढायचास.

रोज संध्याकाळी आला काय म्हणून विचारत होतास, तेव्हा तू गाडी हळू केली होतीस. डोणगावहून येताना तर जवळजवळ थांबवलीच होतीस. आणि मला समजलं नाही. एकोणीस वर्षं जी खूण मी पाठीमागून ओळखली ती शेजारी बसून ओळखली नाही.

पण उत्तम, मला तुझा रागही येतो. आज लिहिताना येतोय, काल आला होता, उद्याही येईल. माझी लाज राखायची म्हणून कोणी जिवावर बेततं का? एक मिनिट उशीर झाला तर तू मला चार माणसांत झापायचास. मग याच वेळी एवढा समजूतदार कशाला झालास? टपरीवर माझी गचांडी धरायची होतीस. म्हणायचं होतंस, खोटारड्या, पाकीट काढ. मी काढलं असतं. मी रडलो असतो, तू शिव्या दिल्या असत्यास, आणि आपण दोघं त्याच पावली खामगावला गेलो असतो. तू थांबलास. कंडक्टरसाठी गाडी थांबवावी, छाती थांबवतात का कोणी? हे भांडण मी आता कोणाशी करू? टपरीवरची तुझी जागा रिकामी असते आणि मी तिच्याकडे पाहून मनातल्या मनात ओरडतो. चहा निवून जातो. टपरीवाला न विचारता दुसरा देतो. त्याच्यासमोर रडू नये म्हणून मी तो गरम असतानाच पितो.

घरातही धड नाही. कपाटाचं दार कालपर्यंत उघडवत नव्हतं. मुलीचा फोन येतो, बाबा, जेवलात का? मी हो म्हणतो. खोटं बोलायची सवय लागली की ती अशी लागते.

काल पंगती उठल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. तुझा फोटो पाटावर होता, तोच, व्हिसासाठी काढलेला, मोठा करून आणलेला, आणि त्यावर कोणीतरी कुंकवाचा टिळा लावला होता. या तेरा दिवसांत वहिनी माझ्याशी बोलल्या नव्हत्या, मीही त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. दोघं एकाच चोरीतले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भाऊजी, यायले समजलं तं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं.

संजयनं आईला काही सांगितलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी तुझ्या फोटोकडे पाहिलं. वाटलं, आता तरी खरं बोलावं, एकदा तरी. मग वहिनींच्या हाताकडे लक्ष गेलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं, त्या दिवशीसारखंच.

"नाई वहिनी," मी म्हटलं. "त्याले वाटत होतं, कागद मुंबईले हायेत. रोज खुशीत इचारे, आला काय म्हनून."

त्या रडल्या. बराच वेळ रडल्या, पण ते रडणं मोकळं होतं. नंतर सून आली आणि त्यांनी तिच्या हातून दोन घास खाल्ले. हे खोटं मी मरेपर्यंत सांभाळीन. एवढ्यापुरतं तरी मला समजून घे, पुढची जीप मला या वेळी आधी दिसली.

आज सकाळी कपाट उघडलं. युनिफॉर्म बाजूला केला, दोन्ही पाकिटं काढली. तुझा पासपोर्ट संजयला परत द्यायला हवा, तो कार्यालयात जमा करून रद्द करून घ्यावा लागतो म्हणे. उद्या सकाळी देईन. आज दिला नाही. तुझ्या पाकिटात आषाढात परत आलेला जुना अर्जही सापडला. निवास, गाडीतच. हेतू, खिडकीजवळ बसणे. त्या पाच-सहा शब्दांइतकं खरं आपण दोघांनी नंतर काही लिहिलं नाही.

माझं पाकीट घेऊन मी उद्या मुंबईची गाडी धरतो. मला जायची हौस उरलेली नाही. ड्रायव्हरशिवाय कंडक्टर म्हणजे गळ्यात पिशवी अडकवलेला एक माणूस, बाकी काही नाही. पण इथे टपरीवर बसून संध्याकाळ काढणं मला झेपत नाही, आणि ही पाकिटं त्या कपाटात आणखी एक दिवस ठेवणंही झेपत नाही. ते व्हिसा देतील की नाही, देव जाणे. जुन्या तारखा उलटल्या म्हणून अर्ज नव्यानं भरलाय, त्यात सोबत कोण, असं विचारलंय. तो रकाना मी अजून भरलेला नाही.

दिलाच व्हिसा, तर नैरोबीच्या स्टँडवर सकाळची पहिली गाडी पकडीन. दोन सीट घेईन. खिडकीच्या सीटवर माझी पिशवी ठेवून मी अलीकडे बसेन. गाडी भरत जाईल, कोंबड्या येतील, पोती येतील, आणि कोणी ना कोणी येऊन त्या सीटकडे बोट दाखवील. त्यांची भाषा मला येत नाही. पण प्रत्येक स्टँडवर खोळंबलेल्या प्रवाशांना मी आयुष्यभर जे सांगत आलो तेच आपल्या बोलीत सांगेन. जागा भरलेली हाये. ड्रायव्हर खाली चहा प्याले गेला, येऊनच राह्यला.